ह्यांच्या पोटाचं माप घेतलंत ताई, स्वतःचं कधी घेणार?

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकच्या एका ताई, वय ४४, घरीच ब्लाऊज-ड्रेस शिवायचं काम करतात. मिस्टर ४९ वर्षांचे, एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर, उंची साडेपाच फूट आणि वजन ९४ किलो. दिवाळीला कुर्ता शिवायला माप घेतलं तेव्हा पोटाचा घेर ४२ इंच भरला. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, जेवण झालं की बसल्या जागी डोळा लागतो, मानेवर मागे काळपट पट्टा आलाय तो घासून जात नाही. ताई वर्षभर मागे लागल्यात की शुगर तपासून घ्या. त्यांचं उत्तर ठरलेलं, मी गोड खातच नाही, मला काही त्रास नाही, आणि टेस्ट केली की डॉक्टर काहीतरी काढतातच. कंपनीच्या मेडिकलमधे नॉर्मल आलं म्हणतात पण रिपोर्ट दाखवत नाहीत. सासूबाईंना शुगर होती, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होत्या, त्यांची ने-आण हेच करायचे. ताईंनी साखरेचा डबा लपवून बघितला, सकाळी कारल्याचा रस देऊन बघितला, तो बेसिनमधे ओतलेला सापडला. रोज वाद होतात, मोठी मुलगी म्हणते आई तू बाबांच्या ताटाकडे बघणं बंद कर. आता ताई विचारतात, विम्याचं मेडिकल आहे असं खोटं सांगून यांचं रक्त काढून घेऊ का, की आता नादच सोडून देऊ? आणि पत्राच्या शेवटी सहज एक ओळ, "माझं म्हणाल तर धाकट्याच्या वेळी दिवस असताना शुगर वाढली होती पण बाळंतपणानंतर गेली, आता तो ११ वर्षांचा आहे, मला काही त्रास नाही."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीवर थांबले. तिच्याकडे येणारच आहे, पण आधी तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्याबद्दल बोलू. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, जे आकडे देतेय ते डॉक्टर लोकांकडून नीट समजून घेतलेले आहेत, आणि शेवटी तुम्हाला जायचं डॉक्टरांकडेच आहे.

"मी गोड खात नाही" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं आणि ते मनापासूनच म्हटलेलं असतं. यात निम्मा दोष आपल्या शब्दाचा आहे. आपण या आजाराला शुगर म्हणतो, साखर म्हणतो, त्यामुळे वाटतं की हा साखरेच्या डब्यातून येतो. भात, पोहे, पोळी, पाव, चहाबरोबरचं बिस्कीट, साबुदाण्याची खिचडी, या सगळ्याची पोटात गेल्यावर साखरच होते आणि ती रक्तात येते. तिला पेशींमधे पोचवायचं काम इन्सुलिनचं. पोटाच्या आत, लिव्हरच्या आसपास चरबी साठत गेली की इन्सुलिनचा जोर चालेनासा होतो, मग स्वादुपिंड दुप्पट काम करून जास्त इन्सुलिन सोडतं आणि कसंबसं भागवतं. असं वर्षानुवर्षं चालतं. या सगळ्या काळात रक्तातला आकडा जवळपास ठीक दिसतो, माणूस कामावर जातो, लग्नात पंगतीला बसतो, त्याला खरंच काही होत नसतं. स्वादुपिंड दमलं की मग आकडा वर सरकायला लागतो, तोही हळूहळू, म्हणून कळत नाही. म्हणजे तुमचे मिस्टर तुमच्याशी खोटं बोलत नाहीयेत ताई, "मला काही त्रास नाही" हे त्यांच्या बाजूने खरं आहे. फक्त त्रास नसणं आणि आजार नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमधे टाइप टूच्या, म्हणजे आपण बोलतोय त्याच प्रकारच्या डायबेटिसच्या, पेशंटांचा एक फार मोठा अभ्यास झाला, १९७७ साली सुरू झालेला. त्यात असं दिसलं की ज्यांना नुकतंच कळलं होतं त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या डोळ्यांवर, नसांवर नाहीतर रक्तवाहिन्यांवर आधीच काही ना काही परिणाम झालेला होता. कळलं आज, पण आजार आला होता बऱ्याच आधी.

मानेवरचा तो पट्टा म्हणजे मळ नाही, त्यामुळे दगडाने घासू नका, त्यांनाही घासू देऊ नका. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की बऱ्याच जणांच्या मानेला, काखेत, जांघेत कातडी अशी जाड आणि काळपट होते. रात्रीच्या लघवीचं मात्र मी लगेच शुगरवर ढकलणार नाही, पन्नाशीच्या आसपास प्रोस्टेटमुळेही ती होते, आणि जोरात घोरत असतील तर झोपेत श्वास अडकतो त्यामुळेही रात्री उठावं लागतं आणि दिवसा पेंग येते. तुम्ही घोरण्याबद्दल काही लिहिलं नाहीत, डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हणजे नक्की काय आहे ते ना तुम्हाला घरी बसून कळणार ना मला इथे बसून, रक्त दिल्यावरच कळणार.

आता तुम्ही लिहिलंय की ते म्हणतात, कंपनीत सगळ्यांचीच पोटं अशी आहेत, या वयात असंच असतं. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनबरोबर देशभर १ लाख १३ हजार लोक तपासले, त्याचे निकाल २०२३ मधे आले. त्यात प्रौढ माणसांमधे ११.४ टक्क्यांना डायबेटिस, आणखी १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर, आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के निघाले. देशाच्या हिशोबाने १० कोटींच्या वर डायबेटिसचे आणि १३ कोटींच्या वर उंबरठ्यावरचे. आपल्या शेजारच्या गोव्यात तर २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. आणि हे आकडे विशीपासूनच्या सगळ्यांना धरून आहेत, चाळिशी-पन्नाशीतले वेगळे काढले तर प्रमाण आणखी वर जातं. म्हणजे त्यांच्या कँटीनच्या टेबलावर दहा जण जेवायला बसत असतील तर त्यात शुगरवाला एक तरी असायची शक्यता बरीच, कदाचित जास्तही, आणि त्यातल्या कितीजणांना स्वतःबद्दल माहिती असेल? जगभरात डायबेटिस असलेल्या दर दहा माणसांत चारेक जणांना आपल्याला तो आहे हेच माहीत नाही. तेव्हा पुष्कळांचं पोट सुटलंय हे खरं, पण त्यावरून सगळे ठणठणीत आहेत असं कुठे ठरतं.

माप तुम्ही घेतलंत हे फार बरं केलंत. ४२ इंच म्हणजे जवळजवळ १०७ सेंटिमीटर. आपल्या लोकांसाठी पुरुषाची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बाईची ८०, इंचात साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस. हे माप पँटच्या नंबरवरून काढायचं नसतं बरं का, कारण पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात आणि वर्षानुवर्षं छत्तीस नंबरच सांगत राहतात. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे, उभं राहून, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. हे मी तुम्हाला काय शिकवणार, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितेय.

आणि जे वाचक मनात म्हणतायत की मी तर बारीक आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मधे लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपली भारतीय शरीरं अशी असतात, हातपाय काटकुळे, आत चरबी आणि स्नायू कमी. म्हणून आपल्याकडे जाडपणाची रेषाच खाली धरतात, बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा. तुमच्या मिस्टरांचा ३३ च्या वर येतो, तिथे वाद घालायला जागा नाही, पण त्यांचा एखादा बारीक, नुसतं पोट पुढे आलेला मित्र सुद्धा याच रांगेत उभा आहे.

मला हा विषय इतका का लागतो ते सांगते. माझा आतेभाऊ, तेव्हा ५२ चा, दरवर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचा. अंगाने भरलेला, पोट मोठं, पण चालायला एक नंबर, त्यामुळे आम्ही कुणी कधी शंकाच घेतली नाही. एका वर्षी वारीत अंगठ्याखाली फोड आला. तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा की बघा एवढा फोड आलाय पण दुखत नाही, माउलीच चालवतेय. दुखत नव्हतं कारण पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं. घरी आल्यावर एका दवाखान्यात नुसतं मलम लावून दिलं, शुगर बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आमच्याही नाही. पंधरा दिवसांनी पाय घोट्यापर्यंत सुजला तेव्हा तपासलं तर शुगर ३८० निघाली. दोन बोटं काढावी लागली. तो आजही वारीला जातो, औषध घेतो, रोज रात्री पाय तपासून झोपतो, पण ती दोन बोटं एका साध्या रक्ताच्या टेस्टने वाचली असती हे मला आज इतक्या वर्षांनी पण सलतं.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल मला तुम्हालाच प्रश्न विचारायचाय. तुम्ही लिहिलंय की ते बेफिकीर आहेत, हट्टी आहेत, त्यांना घरच्यांचं काही पडलेलं नाही. पण ताई, हाच माणूस दोन वर्षं आईला डायलिसिसला घेऊन जात होता ना. आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास बाहेर बसून, ड्युटी बदलून. सुया टोचताना बघितलं असेल, आईचा चेहरा सुजलेला बघितला असेल, घरी येताना गाडीत ती काय बोलायची ते ऐकलं असेल. हा माणूस बेफिकीर नाही वाटत मला, घाबरलेला वाटतो. तुम्ही "शुगर तपासा" म्हणता तेव्हा तुमच्या मनात एक कागद असतो लॅबचा, त्यांच्या डोळ्यासमोर ती डायलिसिसची खुर्ची येत असेल. टेस्ट केली नाही तोवर ती खुर्ची लांब आहे. कारल्याचा रस त्यांनी बेसिनमधे ओतला तो कडू म्हणून नसेल, कदाचित तो प्यायलो म्हणजे मान्य केलं असं होतं म्हणून ओतला असेल. आणि कंपनीचा रिपोर्ट दाखवत नाहीत त्याचा अर्थ मला दोन्ही बाजूंनी दिसतो, एकतर त्यात शुगर नीट बघितलीच नसेल, नाहीतर त्यात काहीतरी आहे आणि ते त्यांना माहीत आहे. दुसरं खरं असेल तर ते एकटे हे ओझं घेऊन झोपतायत. मी चुकत असेन, तुम्ही त्यांना जास्त ओळखता, पण एकदा या नजरेने बघा.

म्हणूनच ते विम्याचं खोटं सांगून रक्त काढायचं, ते करू नका असं मी म्हणेन. समजा केलंत आणि शुगर निघाली. मग त्यांना दोन गोष्टी एकदम कळणार, आजार आणि फसवणूक, आणि फसवणुकीचा राग धरणं सोपं असतं त्यामुळे ते तोच धरून बसतील. पुढे औषध, पथ्य, दर तीन महिन्यांनी तपासणी, हे सगळं त्यांच्या मर्जीनेच होणारे, त्याची सुरुवात खोट्याने झाली तर पुढचं सगळं अवघड. नाद सोडून देण्याचं म्हणाल तर ते तुम्हाला जमणार नाही हे तुमच्या पत्राच्या लांबीवरूनच कळतं. पण एक गोष्ट खरंच सोडा, ताटावरची नजर. मुलगी बरोबर बोलली. रोज तिसऱ्या पोळीला टोकलं की माणूस घरी दोन खातो आणि कंपनीच्या गेटवर वडापाव खातो, आणि शुगर कशी आहे ते दोघांपैकी कुणालाच कळत नाही.

तर आता करायचं काय. इथे मी तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते.

ताई, धाकट्याच्या वेळी तुम्हाला जो झाला होता तो गरोदरपणातला डायबेटिस. बाळंतपणानंतर शुगर उतरते हे खरं, बहुतेकींची उतरते. पण ती परत येते का ते बघत राहावं लागतं, कारण ज्या बायकांना दिवस असताना शुगर होते त्यांना पुढे कायमचा डायबेटिस व्हायची शक्यता इतर बायकांपेक्षा सात ते दहा पट जास्त असते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आसपास एकदा आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासायचं असतं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, आपल्याकडे बाळ झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं आणि आईची फाईल कपाटात जाते. ११ वर्षं झाली. "मला काही त्रास नाही" हे वाक्य तुमच्या पत्रात दोनदा आलंय, एकदा त्यांचं म्हणून आणि एकदा तुमचं म्हणून, आणि त्यांचं वाचताना तुम्हाला राग आला होता.

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या टीमने आपल्या लोकांसाठी एक साधा स्कोअर बनवलाय, रक्त न काढता घरी करता येतो. वय ३५ ते ४९ असेल तर २० मार्क, ५० च्या पुढे ३०. पोटाचा घेर बाईचा ८० ते ८९ सेंटिमीटर किंवा पुरुषाचा ९० ते ९९ असेल तर १०, त्याच्या वर २०. व्यायाम पण नाही आणि काम पण बैठं असेल तर ३०, दोन्हीपैकी एक असेल तर २०. आई किंवा वडील एकाला डायबेटिस असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा वर गेली की धोका जास्त, रक्त तपासायलाच पाहिजे. तुमच्या मिस्टरांचे ८० होतात, आणि ते म्हणाले मी दिवसभर कारखान्यात फिरतो तर मान्य करून ७० धरू, तरी ६० च्या वरच. आता तुमचा. वयाचे २०. मशीनवर दिवसभर बसून काम आणि व्यायामाचं तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून ३०. स्वतःचं माप तुम्ही लिहिलंच नाहीत, अर्ध्या कॉलनीची मापं तुमच्या वहीत असतील पण तुमचं नसेल. ८० च्या वर धरलं तर आणखी १०. झाले ६०. आणि या स्कोअरमधे गरोदरपणातल्या शुगरबद्दल विचारतच नाहीत, ते वेगळं.

म्हणून माझा सल्ला असा की टेस्ट आधी तुम्ही करा, आणि त्यांना बरोबर घेऊन जा. यात खोटं काही नाही, तुम्हाला ती करायलाच हवीये. रात्री शांतपणे, मुलं झोपल्यावर, जेवणाच्या ताटावर अजिबात नाही, असं काहीतरी म्हणा, "अहो, धाकट्याच्या वेळी मला शुगर होती, नंतर मी कधी तपासलंच नाही, मला भीती वाटतेय. रविवारी माझ्याबरोबर याल का?" त्यांना बरोबर यायची सवय आहे, आईबरोबर दोन वर्षं गेलेत ते. एवढंच बोलून थांबा, लगेच "मग तुम्हीही करून टाका" जोडू नका. लॅबमधे बसल्यावर विचारा, आणि तेव्हाही नाही म्हणाले तर नाही, तुमचं रक्त देऊन परत या. तुमचा रिपोर्ट घरात टेबलावर राहील, लपवू नका, काहीही आलं तरी. पंधरा दिवसांनी परत विचारता येतं. आणि आईच्या आजारपणाबद्दल कधी त्यांना बोलतं करता आलं तर करा, सल्ला देण्यासाठी नाही, नुसतं ऐकण्यासाठी. सासूबाईंचं नक्की कधी कळलं होतं हेही विचारा. मला वाटतं उशिरा कळलं असणार, त्या पिढीत बऱ्याच बायकांचं डोळे नाहीतर पाय गेल्यावरच कळायचं. तसं असेल तर त्यांना हे सांगता येईल की आईचं जे झालं ते टेस्ट केल्यामुळे नाही झालं.

टेस्टचं थोडं नीट लिहिते. उपाशीपोटी, निदान आठ तास, पाणी चालतं. त्यानंतर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी परत रक्त घेतात, ही जास्त खात्रीची. आणि तिसरी एचबीएवनसी, जी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगते, त्यामुळे टेस्टच्या आधी तीन दिवस भात आणि मिठाई बंद करून काही उपयोग नसतो, बरेच लोक करतात म्हणून सांगितलं. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोजनंतर २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, म्हणजे डायबेटिस. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर १४० ते १९९, एचबीएवनसी ५.७ ते ६.४, म्हणजे उंबरठा. काही त्रास नसताना एकच आकडा वर आला तर डॉक्टर परत एकदा तपासून मगच नक्की सांगतात. ताई, तुम्हाला पाळीचा जास्त त्रास असेल, रक्त कमी असेल तर एचबीएवनसी चुकीची दिसू शकते, म्हणून तुम्ही नुसत्या तिच्यावर जाऊ नका, हिमोग्लोबिनही बघून घ्या. शेजारच्यांच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचून बघणं अंदाजाला ठीक आहे, निदानाला नाही. पैशाचा प्रश्न असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात ३० च्या पुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी फुकट तपासतात, आशाताई जो फॉर्म भरून घेतात त्यात पोटाचा घेरसुद्धा विचारतात.

आकडा वर आलाच तर त्याच आठवड्यात बीपी, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन, आणि डोळ्यांचा पडदा, एवढं बघून घ्यायचं. यातली लघवीची टेस्ट त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, कारण किडनीला त्रास व्हायला लागला की तो तिथे फार आधी दिसतो, क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी, आणि तेव्हा औषधाने पुष्कळ काही वाचवता येतं. आईच्या वेळी हे हातातून निसटलं असेल, यांचं निसटू द्यायचं नाही.

"एकदा गोळी लागली की आयुष्यभर" ही भीती पण असते. उंबरठ्यावर असतील तर चेन्नईत झालेल्या एका अभ्यासात, २००६ मधे तो छापून आला, तीन वर्षं नुसतं चालणं आणि खाणं सुधारलं तरी डायबेटिस व्हायचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झालं होतं, आणि ती माणसं आपल्यासारखीच भात खाणारी होती. डायबेटिस झालेलाच असेल आणि नवीन असेल तर वजन बरंच उतरवून काही जणांची शुगर गोळीशिवाय ठीक राहते, ब्रिटनच्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवलेल्या गटात वर्षभराने ४६ टक्के लोक असे होते. पण ते देखरेखीखाली, व्हॉट्सअॅपवरचा प्लॅन बघून नाही. आणि गोळी लागली तर लागली, घ्यायची, मनाने बंद करायची नाही. कारल्याच्या रसाने आवडत असेल त्याचं तोंड कडू होऊ द्या, पण तो गोळीच्या जागी नाही.

९४ किलोचे ७० करायचे असं ठरवलंत तर कुणीच सुरू करणार नाही. पाच-सहा किलो उतरले तरी शुगरवर फरक दिसतो. खाण्यात त्यांचं वेगळं काही करू नका, वेगळं ताट म्हणजे आजारी माणसाचं ताट, आणि तुम्हालाही तेच हवंय. सगळ्यांसाठीच, आधी कोशिंबीर, काकडी, भाजी-उसळ आणि वरण घट्ट, मग भाकरी किंवा पोळी, भात शेवटी एक वाटी. पोह्यात मटकी किंवा शेंगदाणे वाढवा आणि पोहे कमी करा. चहा चार वेळा होत असेल आणि दोन-दोन चमचे साखर असेल तर दिवसाला आठ चमचे तिथेच जातात, अर्धा-अर्धा चमचा करून महिन्याभरात उतरवा म्हणजे जिभेला कळत नाही, आणि साखरेचा डबा परत जागेवर ठेवा. रविवारचं मटण बंद करायची गरज नाही, त्याबरोबरच्या भाताचा डोंगर कमी करा. रात्री जेवण झालं की टीव्हीसमोर बसायच्या आधी पंधरा मिनिटं दोघं खाली चक्कर मारा, जेवणानंतरचं चालणं शुगरला थेट खाली आणतं, आणि त्या पंधरा मिनिटांत शुगरचा विषय काढायचा नाही. तुम्ही मशीनवरून अर्ध्या-अर्ध्या तासाने उठा, बॉबिन संपली की उठायचं असं ठरवा.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. खूप तहान, लघवी आहे त्याहून वाढलीय, प्रयत्न न करता वजन उतरतंय, नजर धूसर, पायाची जखम भरत नाही, यातलं काही दिसलं तर रविवारची वाट न बघता दुसऱ्या दिवशीच जा. आणि उलट्या, जोराचा श्वास, गुंगी किंवा छातीत दाब वाटला तर त्याच क्षणी हॉस्पिटल, तेव्हा त्यांची मर्जी विचारत बसू नका.

रविवारी जाताना पिशवीत डबा घेऊन जा, ग्लुकोज पिऊन दोन तास तिथेच बसायचं असतं आणि शेवटचं रक्त दिल्यावर सपाटून भूक लागते. डबा दोघांचा भरा, त्यांचा विचार बदलला तर तेही उपाशी असायला हवेत, तेव्हा सकाळचा चहा घरी करूच नका, माझी टेस्ट आहे, येऊन बरोबर पिऊ म्हणा. आणि रिपोर्ट आला की मला तुमचा आकडा कळवा. त्यांचा ते देतील तेव्हा.